जुन्या मापाचा कोट

माप घ्यायला उभा राहिलेला प्रत्येक माणूस पोट आत ओढतो. मग तो वकील असो नाहीतर शाळेची मुख्याध्यापिका. आमचे शिंपी मास्तर तेव्हा काही न बोलता टेप कमरेभोवती तशीच धरून उभे राहायचे. मिनिटभराने म्हणायचे, "श्वास सोडा. पोट घरी ठेवून आला आहात का? खोटं माप दिलंत तर कपडेही खोटेच मिळतील." त्यांच्यासमोर मी स्वतः दोनदा अशी पकडली गेले आहे, म्हणून खात्रीने सांगते.

मी नर्स आहे. हृदयाच्या दवाखान्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा जो कोपरा आहे, तो गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लागून लांब बाक, आणि दर मंगळवारी त्या बाकावर बसलेली सत्तरी ओलांडलेली मंडळी. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, की यंत्र आकडा दाखवतं. आकडा खाली आला तर रक्ताची गुठळी होण्याची भीती, वर गेला तर रक्त न थांबण्याची. मधे अरुंद वाट आहे, आणि या सगळ्या आजी-आजोबांना त्या वाटेवरून चालवायचं हे माझं काम. माझ्या नाकावर राग असतो असं म्हणतात. असतोच. "सिस्टर, परवाची गोळी विसरलो म्हणून काल दोन घेऊन टाकल्या," असं एखादे आजोबा हसत हसत सांगतात, तेव्हा त्यांचं काय कौतुक करायचं?

मास्तर या बाकावर नऊ वर्षांपूर्वी आले. दवाखान्यामागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. हृदयातली एक झडप खराब झाली म्हणून डॉक्टरांनी धातूची बसवली होती. अशा झडपेवर गुठळी धरू नये म्हणून ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. तपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत, पण धातूची झडप असलेल्यांना त्या चालत नाहीत. खोली शांत असली की मास्तरांच्या छातीतली टिकटिक शेजारच्यालाही ऐकू यायची. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "दुकानातलं मशीन बंद केलं तरी यांच्या आतलं सुरूच असतं."

खरं तर माझी पेशंट काकूच होत्या. मास्तर फक्त बोट पुढे करायचे. आकडे लिहायची पिवळी पुस्तिका काकूंकडे, गोळीची वेळ काकूंकडे, प्रश्न विचारायचे तेही काकूंनीच. पालेभाज्यांनी या गोळीचा जोर कमी होतो हे कळल्यावर बरेच जण घाबरून भाजीच सोडतात. मी काकूंना सांगितलं, सोडू नका, फक्त दर आठवड्याला सारखीच ठेवा. तेव्हापासून त्यांच्या घरी सोमवारी आणि गुरुवारी पालेभाजी, कमी नाही की जास्त नाही. मास्तर नाक मुरडायचे. पण त्यांचा डोस त्या भाजीसकट बसवलेला होता, आणि आकडा अडीच ते साडेतीनच्या बाहेर क्वचितच जायचा.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. झोपेतच गेल्या.

एकुलती एक मुलगी तेव्हा येऊ शकली नाही. तिला सातवा महिना होता, त्रास होत होता, डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली होती. ती अकरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूरच्या थंड देशात गेली, तिथेच लग्न केलं, तिथेच रमली. बापाच्या ऑपरेशनच्या वेळी नवी नोकरी होती, सुट्टी मिळाली नाही. नंतर पहिलं मूल झालं, नंतर दुसऱ्याची चाहूल. वाईट मुलगी नव्हती हो. दर रविवारी न चुकता फोन करायची, फोनमध्ये तोंड दाखवायची. पण येणं दरवेळी पुढे ढकललं जायचं. लहानपणी काडीसारखी होती म्हणून घरात तिला बारकी म्हणत. मास्तर माझ्याशी बोलतानाही तिला बारकीच म्हणायचे, जणू मी तिला ओळखतेच.

काकू गेल्यावर मास्तर दीड वर्ष नेमाने आले. बाकावर शेजारची जागा मोकळी ठेवून बसायचे. मग एक मंगळवार चुकला, मग चुकतच गेले. मी फोन केला की म्हणायचे, "येत्या मंगळवारी नक्की, सिस्टर." चार वेळा फोन केला आणि मग मी कंटाळले. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. दुकान दवाखान्यापासून चार मिनिटांवर, आणि मी चार महिने तिकडे फिरकले नाही.

गेले ती माझ्या कामाने. युनिफॉर्मची शिवण उसवली होती.

दुपारची वेळ होती. दुकान अगदी लहान. एका बाजूला कापायचं टेबल, दुसऱ्या बाजूला मशीन, मधे गिऱ्हाइकाला उभं राहायला लाकडी पाट आणि समोर आरसा. टेबलावर कोट पसरला होता. गडद निळं जाड लोकरी कापड, आत मोतिया रंगाचं अस्तर. एक बाही लावलेली, एक अजून सुटी. त्या कोटाकडे बघताना मास्तरांचा चेहरा उजळला होता.

"बारकी येते आहे," त्यांनी मला बसायलाही न सांगता बातमी दिली. "तिकीट काढलंय. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. बारा दिवस राहणार. पोरंही आणणार."

मी म्हटलं, "अरे वा! मग हा तिचा का?"

"तिच्याकडे हाडं गोठवणारी थंडी. आणि तयार कोट तिला बसत नाहीत. डावा खांदा पाव इंच खाली आहे तिचा. तिला स्वतःलासुद्धा माहीत नाही. फोनवर नुसतं तोंड दिसतं हो, सिस्टर. खांदे कधी दिसतच नाहीत."

मापांची वही टेबलावर उघडी होती. लांबट, कडा झिजलेल्या पानांची. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या वहीत होतं. नेहमीच्या गिऱ्हाइकाचं माप ते पुन्हा घेत नसत. एकदा घेतलं की घेतलं. पुढे दारातून आत येणाऱ्या माणसाकडे नुसतं बघून कमरेत अर्धा इंच सोडायचा की दाबायचा ते ठरवायचे. त्याचा त्यांना फार अभिमान होता. उघड्या पानावर वर लिहिलं होतं 'बारकी', आणि खाली छाती बत्तीस, कंबर सव्वीस, खांदा पावणेचौदा.

"मास्तर, हे माप कधीचं?"

"ती गेली त्या आठवड्यातलं."

"अहो, अकरा वर्षं झाली! दोन बाळंतपणं झाली तिची. दारातून आत येणारीला तुम्ही नजरेनं मोजता, पण ही दारात कुठे आली आहे? फोनवर विचारून घ्या की."

त्यांना राग आला. मास्तरांना रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "पोटच्या पोरीचं माप फोनवर विचारू? परक्या गिऱ्हाइकासारखं?" म्हणाले, आणि ओठांत चार टाचण्या धरून बाहीकडे वळले. म्हणजे आता माझ्याशी बोलणं शक्य नाही.

सगळे शिंपी टाचण्या ओठांत धरतात. त्यात नवीन काही नाही. पण मास्तरांनी एक एक टाचणी काढून बाहीला लावायला सुरुवात केली, तेव्हा मोतिया अस्तरावर टिकलीएवढा लाल डाग पडला. सुई लागून आपलंच रक्त कापडावर पडलं तर शिंप्यांची एक युक्ती असते. पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा तोंडात चघळायचा आणि त्या ओल्या दोऱ्याने डाग टिपायचा. स्वतःच्या लाळेने स्वतःचं रक्त निघतं म्हणतात. मास्तरांनी उरलेल्या टाचण्या टेबलावर ठेवून सवयीने दोरा चघळला, डागावर टेकवला, आणि डाग मोठा झाला. दोराच लाल होता.

मी हातातला युनिफॉर्म बाजूला ठेवला.

"तोंड उघडा," मी म्हटलं.

"काही नाही हो, हिरड्या जरा..."

"मास्तर, तोंड उघडा!"

सगळ्या हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. मी बाह्या वर करायला लावल्या. दोन्ही हातांवर काळेनिळे चट्टे. एक तर कोपरापासून मनगटापर्यंत गेलेला. कसा झाला म्हणून विचारलं तर म्हणाले, टेबलाला हात लागला असेल. टेबलाखालच्या डब्यात अस्तराचे दोन तुकडे चुरगळून टाकलेले होते. त्यांच्यावरही डाग होते. म्हणजे हे आजचं नव्हतं.

मग मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि उलटतपासणी घेतली. तपासणीला शेवटचं कधी आलात? पाच महिने झाले. का? तर, "मागचे आठ आकडे बरोबर आले होते ना? गोळी तीच, माणूस तोच. मग पुन्हा पुन्हा काय मोजायचं?" जेवता काय? चहा-टोस्ट. भाजी? एकट्यासाठी कोण करतं. दुसरं काही औषध? इथे ते जरा घुटमळले. कोटावर वाकून वाकून कंबर धरली होती. औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या होत्या, तीन आठवडे रोज दोन.

"झडपेचं सांगितलंत त्याला?"

"त्याने विचारलं नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. गोळी तीच होती, पण ताट बदललं होतं. भाजी गेली, जेवण अर्ध्यावर आलं, अंग उतरलं, त्यात वरून दुखण्याच्या गोळ्यांनी पोट आतून सोलायला घेतलं होतं. आणि हे गृहस्थ स्वतःलाच जुनं गिऱ्हाईक समजून वहीतल्या मापावर चालले होते.

"उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

"बाही लावतो आणि येतो."

"मास्तर, हे असंच चाललं तर एखाद्या दिवशी डोक्यात रक्तस्राव होईल आणि बारकी येईल ती..." पुढचं मी बोलले नाही, जीभ चावली. पण त्यांना समजलं होतं. ते कोटाकडे बघत राहिले. हळूच म्हणाले, "एवढा होऊ दे, सिस्टर. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"आणि अंगावर घालून कुणाला दाखवायचा तिनं? दुकानाच्या बंद शटरला?"

त्यांनी उरलेल्या टाचण्या सुयांच्या उशीत खोचल्या, कोट चादरीत गुंडाळला आणि मुकाट्याने माझ्याबरोबर निघाले.

आकडा साडेसातच्या जवळ आला. प्रयोगशाळेतूनही तोच आला. डॉक्टरांनी त्यांना लगेच दाखल करून घेतलं. डोक्याचा स्कॅन केला, तो सुदैवाने स्वच्छ होता. पण पोटातूनही थोडं रक्त जात होतं. दोन्हीकडून पंचाईत. रक्त जाड करणारं औषध जास्त द्यावं तर धातूच्या झडपेवर गुठळी धरायची, कमी द्यावं तर रक्त थांबायचं नाही. त्यामुळे थोडंसं द्यायचं, गोळी थांबवायची, आणि दिवसातून दोनदा मोजत राहायचं. चार दिवस आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. तारीख होती सव्वीस. पाच तारखेला विमान येणार.

मुलीला कळवू का, असं मी विचारलं तर मास्तरांनी माझा हात धरला. "घाबरेल. पोरांना टाकून धावत येईल. तिला सुखाने येऊ दे." मी कळवलं नाही. बरोबर केलं की चूक, अजून ठरवता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा चारच्या खाली आला. मी आनंदाने सांगायला गेले तर ते छताकडे बघत पडले होते. म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, फोनवर विचारा म्हणून. विचारणार होतो मी. दोन रविवार फोन हातात घेऊन ठरवलं. विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं लगेच."

"मग विचारलं का नाही?"

"मग मला कळलं असतं ना, मी तिला किती ओळखतो ते." जरा वेळाने म्हणाले, "हिला विचारायचो मी सगळं. बारकी काय म्हणाली, बारकी कशी दिसते. हिला सगळं माहीत असायचं. आता माझ्याकडे तेवढी वहीच आहे."

  मी त्यांची उशी नीट केली आणि बाहेर येऊन दुसऱ्याच एका पेशंटवर ओरडले.

एक तारखेला त्यांना घरी सोडलं. दुखण्याच्या गोळ्या बंद. कंबर दुखली तर आधी मला विचारायचं. टाचण्या तोंडात नाही, उशीत. दात घासायचा ब्रश मऊ. कुठल्याही दुकानात, कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की तोंड उघडल्यावर पहिलं वाक्य झडपेचं आणि गोळीचं. सोमवारी आणि गुरुवारी पालेभाजी; ती शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या बायकोने आपणहून कबूल केली. आणि सुरुवातीला आठवड्यातून दोनदा तपासणी. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. घरी जाऊन पिवळी पुस्तिका शोधली, काकूंच्या अक्षराखाली स्वतःच्या अक्षरात आकडा लिहिला. फक्त मुलीचं माप त्यांनी विचारलं नाही. मीही पुन्हा तो विषय काढला नाही. माझ्या रागालाही काही मर्यादा आहेत.

बारकी पाच तारखेला आली. सात तारखेला दुपारी मास्तरांनी मला मुद्दाम दुकानात बोलावलं. मी नव्या पट्ट्या आणि यंत्र पिशवीत घालून गेले. तो तपासणीचाही दिवस होता.

दारात एक भरल्या अंगाची, दमलेल्या डोळ्यांची बाई उभी होती, आणि चेहरा थेट काकूंचा.  तिने माझे दोन्ही हात धरले. "सिस्टर, सगळं कळलं मला. बाबांनी परवा सांगितलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी खूप ओरडले त्यांच्यावर." म्हटलं, बरं केलंस, मला जरा आराम. पोरं इस्त्रीवाल्याकडे खेळत होती.

मास्तरांनी चादर सोडली. कोट बाहेर काढला. अस्तर नवं होतं, एकही डाग नाही. त्यांनी कोट मागून धरला, तिने हात घातले, आणि पाटावर उभी राहून आरशाकडे वळली. मी बघत होते. तिने खोल श्वास घेतला, पोट आत ओढलं, छाती आवळली आणि मधलं बटण कसंबसं लावलं. एकच लागलं.

"अगदी मापात बसलाय, बाबा," ती श्वास न सोडता म्हणाली.

मास्तर दोन पावलं मागे गेले. टेप गळ्यात होती. ते बघत राहिले, पोट ओढलेल्या गिऱ्हाइकाची वाट बघावी तसे.

"श्वास सोड," ते म्हणाले.

ती हलली नाही. तिचे डोळे आरशात भरून आलेले मला दिसत होते.

"सोड, बाळा."

तिने श्वास सोडला. बटण तुटून माझ्या पायाशी येऊन पडलं आणि कोट पुढून वीतभर उघडा पडला. "मी बारकी राहिले नाही हो, बाबा," ती म्हणाली. हसायला गेली, ते जमलं नाही.

"ते दिसतंय मला," मास्तर म्हणाले. पुढे झाले. तिच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून शिवण चाचपली, कॉलरपासून बाहीच्या मुंढ्यापर्यंत. "खांदा मात्र बरोबर आहे. पाव इंच." त्या एका पाव इंचावर ते थोडा वेळ थांबले. मग मला म्हणाले, "सिस्टर, वही घ्या. नवीन पान. वर तारीख लिहा."

त्या वहीत आजवर कुठल्याच मापावर तारीख नव्हती. मी पेन्सिल घेतली.

कोट बाजूला ठेवून तिने हात वर केले. छातीचं माप घ्यायला शिंप्याला गिऱ्हाइकाच्या पाठीमागून हात न्यावे लागतात. मास्तरांनी टेप तिच्या पाठीमागून फिरवली आणि दोन्ही टोकं पुढे आणायचे ते तिथेच थांबले. ती आल्या दिवशी त्यांनी तिच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला होता म्हणे. आत्ता त्यांचे दोन्ही हात तिच्याभोवती होते आणि ते मागे येत नव्हते. तिनेही वर धरलेले हात खाली त्यांच्या पाठीवर टेकवले, डोकं त्यांच्या छातीवर ठेवलं. दुकान अगदी शांत झालं.

"बाबा," ती दचकून म्हणाली, "हे काय वाजतंय?"

"झडप. नऊ वर्षं झाली बसवून."

"अशी वाजते?"

"अशीच वाजते. फोनवर नाही ऐकू येत."

तिने कान तिथून काढला नाही. टेप कधीच खाली पडली होती. मी पानाच्या वर तारीख लिहिली, तिच्याखाली 'छाती' लिहिलं, आणि आकड्याची वाट बघत बसून राहिले.